थोरलीची पळी

मास्तरांच्या सासऱ्यांना मूल एकच, मुलगी, तरी तिला घरीदारी सगळे धाकटी म्हणत. मग थोरली कुठे असते, असं कोणी नवख्याने विचारलं की सासरे त्याला परसातल्या शेडमध्ये नेत आणि फळीवर ठेवलेली, रंग उडालेली चेन-सॉ दाखवत. "ही थोरली. आधी ही घरात आली, मग ती जन्मली. मग ती धाकटी नाही तर कोण?" पेट्रोलवर चालणाऱ्या त्या करवतीच्या जिवावर त्यांनी उभा जन्म झाडं कापली, फांद्या छाटल्या, घर बांधलं, मुलीला शिकवलं. तेव्हा घरातलं थोरलेपण तिच्याकडे गेलं ते रीतसरच म्हणायचं. लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनी होणाऱ्या जावयाला बजावलं होतं, "धाकटी दिली. थोरली मागायची नाही." सगळे हसले होते. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले होते.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. छपरावर पाटी लावलेली छोटी गाडी आणि स्वतःच्या पायाशी एक जादा ब्रेक, एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. इंजिन म्हटलं की त्यांना सगळं कळे, आणि जे कळत नसे ते जरा जास्तच कळे. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी ते गाडीला हात लावू देत नसत, आधी प्रवचन. "बसण्याआधी पेट्रोल बघा, तेल बघा. आणि चूक झाली की तिथल्या तिथे सांगा. लपवलेली चूक पुढच्या वळणावर उभी असते." हे शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. किती कोरडे, ते कळेलच.

थोरलीचं कौतुक सासऱ्यांनी फार केलं. काम संपलं की तिची हवेची जाळी झटकायची, साखळीच्या दातांवर कानस फिरवायची आणि टाकीत उरलेलं पेट्रोल काढून घेऊन ती आपली आपण बंद पडेपर्यंत चालवायची. "पेट्रोल पोटात ठेवून निजली की तिचा घसा धरतो," असं ते सांगत. आणि एक पळी होती. पत्र्याची, वाकड्या दांड्याची, तेल मोजायची. या जातीच्या इंजिनाला तेल निराळं मिळत नाही. ते पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासून जागच्या जागी चिकटतो. म्हणून सासऱ्यांचा एक नियम होता. तेल कालवून टाकी भरली की पळी करवतीच्या मुठीला अडकवायची. टाकी रिकामी केली की पळी भिंतीवरच्या खिळ्याला. पळी मुठीवर असली तर डोळे मिटून दोरी ओढावी, खिळ्यावर असली तर हात लावू नये. हा नियम त्यांनी कधी कोणाला सांगितला नव्हता, कारण थोरलीला दुसरं कोणी हात लावतच नसे.

सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी धाकटी त्यांना घेऊन मोठ्या शहरात आत्याकडे गेली आणि टाके बरे होईपर्यंत तिथेच राहिली. मास्तर घरी एकटे. त्यातच एका दुपारी जोराचं वारं सुटलं आणि अंगणातल्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी फाटकावर आडवी झाली. गाडी आत अडकली, शिकाऊ बाहेर खोळंबले. लाकूडतोडे म्हणाले, दोन दिवसांनी येतो. आता दोन दिवस थांबतो तो मास्तर कसला? सासऱ्यांच्या घराची किल्ली झाडांना पाणी घालायला म्हणून त्यांच्याकडेच होती.

शेडमध्ये जाताना त्यांना जरा चोरट्यासारखं झालं, पण माणूस चोरी करताना तिला चोरी म्हणत नाही. ते मनाशी म्हणाले, घरचीच वस्तू आहे. थोरलीला दोन झाकणं होती. एकात पेट्रोल, दुसऱ्यात साखळी ओली ठेवणारं तेल. त्या दुसऱ्या झाकणात सासऱ्यांना तेल ओतताना मास्तरांनी एकदा पाहिलं होतं आणि तेवढ्यावर त्यांचा अभ्यास पुरा झाला होता. त्यांनी एका टाकीत गाडीसाठी आणलेलं स्वच्छ पेट्रोल भरलं, दुसरीत तेल भरलं, एक थेंब सांडू दिला नाही, आणि शिकाऊंना सांगतात तसं स्वतःलाच सांगितलं, पेट्रोल बघितलं, तेल बघितलं.

थोरली सुरू झाली. इमानदार होती बिचारी. फांदी अर्धी कापून होईतो तिचा आवाज चिरका झाला, मग वर वर चढत गेला, आणि एकदम थांबला. धुराला करपल्याचा वास होता. मास्तरांनी दोरी ओढली तर ती जागची हलेना. गार झाल्यावर हलेल म्हणून ते फाटकाशी बसून राहिले. गार झाल्यावरही ती हलली नाही.

मग त्यांनी तिचा भुसा झटकला, फडक्याने अंग पुसलं, आणि तिन्हीसांजेच्या आत ती जशीच्या तशी फळीवर नेऊन ठेवली. जशीच्या तशी म्हणजे त्यांच्या आठवणीत होती तशी. थोरली त्यांनी पाहिली होती ती नेहमी कामावर, तेव्हा तिच्या मुठीला पळी लटकत असे. इथे पळी भिंतीवर होती. राहायला नको म्हणून त्यांनी ती खिळ्यावरून काढली आणि मुठीला अडकवून दिली. उरलेली फांदी लाकूडतोड्यांनी येऊन कापली. धाकटी परत आल्यावर त्यांनी सांगितलं, माणसं बोलावून कापून घेतली. अर्धं खरं असलं की खोट्याला फार बरं पडतं.

सासऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी गेली, काळा चष्माही गेला. एका सुट्टीच्या सकाळी शेजारचा बेकरीवाला आला. त्याच्या धुराड्याला टेकलेलं वाळकं झाड काढायचं होतं. मास्तर नि धाकटीही तिथेच होते. सासरे हौसेने शेडकडे निघाले, मागोमाग बाकीचे.

फळीपाशी ते थबकले. पळी मुठीवर होती.

"मी तर रिकामी करून ठेवली होती," ते पुटपुटले. त्यांनी झाकण उघडलं. टाकीत पेट्रोल होतं. त्यांनी दोरी ओढली, दोरी हलली नाही. मग मात्र त्यांचे हात भराभर चालू लागले. पाना घेतला, सायलेन्सर काढला, आणि त्या भोकातून आत डोकावले. नव्या डोळ्याने त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं ते हे. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. त्यांनी टाकीत बोट बुडवून वास घेतला, बोटं एकमेकांवर चोळली.

"तेलच नाही," ते म्हणाले. "नुसतं पेट्रोल भरलंय. आणि वर पळी लावलीय."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पळीचा अर्थ त्यांना त्या क्षणी कळला. आता बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात सासरे खाली बसले आणि स्वतःशीच जुळवाजुळव करू लागले.

"जाण्याच्या आदल्या दिवशी असेल. डोळ्यांपुढे धुकंच होतं. रिकामी करायला म्हणून आलो असेन आणि उलट भरून बसलो. चालवलीही असेल. मला... मला आठवत कसं नाही?"

"तरी मी म्हणत होते बाबा," धाकटी काकुळतीला येऊन म्हणाली. "त्या दिवशी दूधही उतू गेलं. तुम्हाला नाही आता होत."

"पळी लावली मी. माझ्याशिवाय कोण लावणार?"

बेकरीवाला पायांकडे बघत राहिला. सासऱ्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं. काहीतरी आधार मागणारी नजर होती. आणि मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं, मामा. या वयात."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरली बिघडवली तो अडाणीपणा होता, परत ठेवली तो भित्रेपणा होता. त्यांना माफी असते. पण हे वाक्य म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी काढून घेऊन वर त्याला सांगायचं की जपून चाला. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. धाकटीला वाटलं, बाबांचं मनाला लागलंय. तिला आपल्या नवऱ्याचं कौतुक वाटलं, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं.

त्यानंतर सासरे बदलले. पूर्वी मुलीने "बाबा, गॅस बंद केलात का?" विचारलं की "नाही, गावाला पेटवायला ठेवलाय," असं उत्तर यायचं. आता ते निमूट उठत, जाऊन बघत, बसत, आणि परत उठून बघत. मोटारसायकलची किल्ली त्यांनी आपण होऊन मुलीच्या हातात दिली. बेकरीवाल्याला सांगितलं, दुसरा माणूस बघ. कामाला बोलावणी येत, त्यांना ते "आता सोडलं" एवढंच म्हणत. धाकटीने डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली तर तेही त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, आणि आपणच विषय काढला, "हे घर काढून टाकू का? तुमच्याकडे एक खोली पुरे मला." धाकटीने डोळे पुसले आणि म्हणाली, चला, एकदाचं ऐकलं तरी.

मास्तर हे सगळं बघत होते. रोज गाडीत बसताना ठरवत, आज सांगू. संध्याकाळी ठरवत, उद्या सांगू. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर करवत बिघडवल्याचा गुन्हा होता. आता त्यावर म्हाताऱ्याला वेडं ठरवल्याचा चढला होता, आणि तो दिवसागणिक व्याजासकट वाढत होता. शिवाय बायको. तिने वडिलांना जे जे बोलून घेतलं होतं, ते सगळं तिला परत गिळावं लागलं असतं. अळीमिळी गुपचिळी.

मग त्यांना वाटलं, थोरली दुरुस्त झाली तर? ती परत बोलू लागली तर मामांचं मनही परत येईल, आणि तोंड उघडायची गरजच पडणार नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण बुडत्याला काय, काडीही चालते.

सासऱ्यांनी नंतर खोलून ठेवलेला तो ओरबाडलेला पिस्टन त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि शोध सुरू केला. पहिल्या दुकानात काचेच्या कपाटात नव्या करवती मांडल्या होत्या. पोऱ्याने पिस्टन बघून विचारलं, "हे काय आहे?" मालक आतून म्हणाला, "कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. नवीन घ्या, वजनाला हलकी आहे." दुसऱ्या दुकानात रिंग मिळाली, ती केसभर मोठी निघाली. तिसऱ्याने "हुबेहूब हाच" म्हणून एक पिस्टन दिला. मास्तर आनंदाने घरी आले आणि दोन्ही शेजारी ठेवले, तर नव्याच्या पिनेचं भोक बारीक होतं. त्यांनी तो परत नेला. दुकानदार म्हणाला, "खोललेला माल परत नाही." मास्तरांनी वाद घातला नाही. वाद घालायला माणसाला आपण खरे आहोत असं वाटावं लागतं.

त्या महिन्यात मास्तरांचे सगळे शिकाऊ भंगारगल्लीत गाडी मागे घ्यायला शिकले. एरवी धडे मोकळ्या मैदानाभोवती होत, आता ते पत्र्याचे ढीग, टायरांचे डोंगर आणि उघड्या गटारांच्या मधून होऊ लागले. "डावीकडे घ्या. थांबा. गाडी बंद करू नका, आलोच," म्हणून मास्तर उतरत आणि ढिगात डोकं खुपसत. एका पोक्त बाईंनी शेवटी विचारलं, "मास्तर, परीक्षा इथे असते का हो?" मास्तर म्हणाले, "इथे चालवली की कुठेही चालवाल." बाईंना ते पटलं. त्या पुढे पहिल्या फटक्यात पास झाल्या, तेवढंच एक पुण्य या प्रकरणातून निघालं.

आणि एका ढिगात त्यांना थोरलीची जुळी बहीण सापडली. तिच्यावर झाड पडलं असावं. मागची मूठ आणि टाकी चेपून चपटी झाली होती, साखळी फिरते ती पट्टी वाकली होती, पण पुढचा भाग धड होता. मास्तरांनी दोरी ओढली. आतून घट्ट, जिवंत असा विरोध आला आणि फुस्स करून हवा सुटली. भंगारवाला म्हणाला, "न्यायची तर अख्खी न्या. मी खोलत बसणार नाही." मास्तरांनी तिला गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि शिकाऊ मुलीला म्हणाले, "उठा, आता मी चालवतो."

सासरे अंगणात खुर्चीवर बसले होते. जुळी समोर ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही हललं. त्यांनी सायलेन्सर काढून आत पाहिलं.

"पिस्टन आरशासारखा आहे," ते म्हणाले. "जावईबापू, कुठे हिंडलात हो एवढे? पोटचा मुलगा असता तर त्यानेही केलं नसतं."

मास्तर पाना आणायला शेडकडे वळले. त्यांना कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोघे शेडमध्ये बसले. मास्तरांची अपेक्षा होती की मामा एकदा पाना हातात घेतला की पूर्वीचे होतील. तसं झालं नाही. हात त्यांचे बरोबर चालत होते, पण प्रत्येक जागी ते थांबत. जुळीचा सिलिंडर काढला, पिस्टन उतरवला, पिन सरकवून थोरलीच्या इंजिनातल्या दांड्यावर बसवला. पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, तो धूर बाहेर पडतो त्या बाजूला यावा लागतो. आयुष्यात असे किती बसवले असतील. तरी त्यांनी विचारलं, "बघा बरं, बाण तिकडेच आहे ना?"

"तिकडेच आहे, मामा."

"नीट बघून सांगा. माझं काही खरं नाही आता."

कागदाचं पॅकिंग त्यांनी सिलिंडरच्या काठावर धरून हातोडीने हलके ठोकत कापलं, अगदी बेतशीर, आणि कापून झाल्यावर जावयापुढे धरलं. रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर वरून सरकवला, आणि विचारलं, रिंग अडकली नाही ना? स्क्रू आवळला, आणि विचारलं, आवळला ना मी हा? मास्तर हो म्हणत होते. बाण कुठल्या बाजूला हवा हे त्यांना तासापूर्वी माहीत नव्हतं. ज्याला कळतं तो विचारत होता आणि ज्याला कळत नाही तो पास करत होता. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. जुळीची पेट्रोलची नळी चांगली निघाली, तीही बदलली. प्लग नवा लावला.

"आता पेट्रोल," सासरे म्हणाले आणि पळी उचलून जावयाच्या हातात दिली. "तुम्ही कालवा. मी नरसाळं धरतो."

"तुम्हीच घाला ना, मामा."

"नको. माझ्या हातून नको."

मास्तरांनी कालवलं. किती पळ्या, ते सासरे सांगत होते, आणि सांगून झाल्यावर "बरोबर ना?" असं मास्तरांनाच विचारत होते. डबा हलवून टाकी भरली. सासऱ्यांनी थोरली पायाखाली दाबून धरली आणि दोरी ओढली. एकदा ती नुसती खोकली. परत ओढली, आणि थोरली सुरू झाली. शेड दणाणली, खिळ्यावरच्या साखळ्या हलल्या. सासऱ्यांनी कान तिरका करून आवाज ऐकला, कार्बुरेटरचा स्क्रू किंचित फिरवला, परत ऐकला. आवाज गोल झाला. आवाज ऐकून धाकटी चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी राहिली. ती हसत होती.

सासऱ्यांनी करवत बंद केली. त्यांचे डोळे ओले झाले होते. मास्तरांना वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

"उत्तम झाली," सासरे म्हणाले. "घेऊन जा आता."

"म्हणजे?"

"थोरली तुम्हाला दिली. तुमच्यासारख्या माणसाच्या घरी राहील तर मला घोर नाही." त्यांनी पळी मास्तरांच्या मुठीत दाबून बसवली. "ही तुमच्याकडे. उद्या डॉक्टरकडे जायचंय, तो काय सांगायचं ते सांगेल. पण मला कळून चुकलंय. दूध उतू जातं, किल्ल्या हरवतात, त्याचं काही नाही हो, ते तर पूर्वीही व्हायचं. पण माझी पळी कधी खोटं बोलली नव्हती."

धाकटीने तोंड फिरवलं. मास्तरांच्या हातात ती पळी होती. तेलाने बुळबुळीत झालेला तो पत्रा एवढा जड असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. लोक लाजेने मान खाली घालतात म्हणतात, पण मास्तरांना मान खाली घालायलाही जागा उरली नाही. खाली थोरली होती.

"पळी तुम्ही लावली नव्हती," ते म्हणाले. "मी लावली."

कोणाला काही कळलं नाही.

"तुम्ही आत्याकडे होता तेव्हा मी नेली होती. फाटकावरची फांदी कापायला. पेट्रोल भरलं, नुसतंच. तेल मी त्या दुसऱ्या झाकणात भरलं, मला वाटलं तेवढंच असतं. ती जाम झाली. मी आणून ठेवली. पळी भिंतीवर होती, मला वाटलं ती मुठीवर असते, म्हणून..."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. ते चिडतील म्हणून मास्तरांनी खांदे आवळून घेतले होते. पण सासऱ्यांनी विचारलं ते भलतंच.

"टाकी रिकामी होती?"

"हो."

"पूर्ण?"

"थेंब नव्हता."

"आणि पळी खिळ्यावर?"

"खिळ्यावर होती, मामा. मी माझ्या हाताने काढली."

"खिळ्यावर होती," सासरे म्हणाले. ते उठून उभे राहिले. भिंतीवरच्या त्या खिळ्याला त्यांनी बोट लावून बघितलं. मग मुलीकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "धाकटे, पळी खिळ्यावर होती! मी रिकामी केली होती, मला आठवत होतं, मी म्हणालोही होतो! पहिलं वाक्य काय बोललो मी? रिकामी करून ठेवली होती म्हणालो!" ते हसत होते, दम लागेपर्यंत हसत होते, आणि हसता हसता त्यांनी बाहीने तोंड पुसलं. चाळीस वर्षांत कोणत्याही झाडाने त्यांना पाडलं नव्हतं, या पळीने पाडलं होतं, आणि आता ते उठले होते. त्या आनंदात जावयावर रागवायचं त्यांना सुचलंही नाही. मास्तरांना वाटलं, यापेक्षा एक कानाखाली बसली असती तर सुटलो असतो.

धाकटीला मात्र सुचलं. तिने चहाचे कप फळीवर ठेवले. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "मी बाबांना कसं कसं बोलले, ते तुम्ही ऐकत होता. शेजारी बसून." ती घरात गेली आणि मोटारसायकलची किल्ली घेऊन आली. वडिलांच्या खिशात टाकताना तिचा हात जरा वेळ त्या खिशावरच राहिला.

"उद्या डॉक्टरला कळव, येत नाही म्हणून," सासरे म्हणाले. "आणि बेकरीवाल्याला निरोप दे, झाड ठेवलं असेल तर येतो."

"मामा, माझं चुकलं," मास्तर म्हणाले. वाक्य जुनं झालं होतं. महिन्यापूर्वी ते ताजं होतं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. थोरलीच्या आत डोकावून ओरखडे पाहिले होते, तसं पाहिलं.

"होतं असं," ते म्हणाले.

पुढचे दोन शब्द ते बोलले नाहीत, पण ते मास्तरांना ऐकू आले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि मास्तरांनी पळी त्यांच्या हातात दिली. सासरे खाली बसले, थोरलीला मांडीशी घेतलं आणि टाकीचं झाकण उघडलं. मास्तरांनी मघाशी कालवलेलं पेट्रोल, सासऱ्यांच्याच देखरेखीखाली मोजून मापून कालवलेलं, ज्याच्यावर थोरली आत्ता झकास चालली होती, ते त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत साखळ्या धुवायच्या डब्यात ओतून दिलं. स्वच्छ पेट्रोलचा डबा ओढला, तेलाची बाटली उघडली, आणि एकेक पळी उजेडाकडे धरून काठोकाठ मोजून घातली. आता ते कोणालाच विचारत नव्हते.

मास्तर पुढे झाले. नरसाळं त्यांच्या पायाशीच पडलं होतं, त्यांनी ते उचललं आणि टाकीवर धरायला वाकले.

"राहू द्या, जावईबापू," सासरे अगदी मऊ आवाजात म्हणाले. "धाकटे, ये बाळ. नरसाळं धर."